जीभ उचल

खिशात दहा उंचवटे होते. नागनाथ मास्तर चालता चालता खिशावरून बोट फिरवीत होता आणि मनात मोजत होता... चंदेरी कागदाखाली दबलेल्या दहा गोळ्या. एव्हाना त्यातली एक पोटात जायला हवी होती, म्हणजे नऊ उरायला हव्यात, पण बोट दर वेळी दहावरच येऊन थांबायचं. घेतलीच नव्हती तर नऊ कुठून येणार? दवाखान्यात घ्यायची राहून गेली. राहून गेली की...

सकाळी नव्या डॉक्टरीणबाईंनी ही पट्टी त्याच्या हातावर ठेवली. "गुरुजी, तुमचा अर्ज वाचला. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. रोज इथं यायची गरज नाही, घरीच घेत जा," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारलीसुद्धा. तोंड उघडून उभा राहिलेला नागनाथ तसाच तोंड मिटून बाहेर आला. दारात बन्सीधर कंपाउंडरने आयुष्यात पहिल्यांदा त्याला नमस्कार केला, आणि काय गंमत, तो नमस्कार त्याला मुळीच आवडला नाही.

आठ महिने. रोज सकाळी शाळेआधी दोन मैल चालत दवाखान्यात जायचं. बन्सीधर हातावर गोळी टाकायचा. ही गोळी पोटात असताना कुणी दारूचा घोट घेतला तर छाती धडधडते, तोंड लालबुंद होतं, ओकून ओकून आतडी तुटायला येतात. म्हणजे रोज सकाळी एक भीतीच गिळायची. ग्लास खिडकीत उपडा असे, तरी पाणी मात्र वरून ओंजळीत. मग तो शब्द – "जीभ उचल, मास्तर." गालात बघायचा, जिभेखाली बघायचा, गुराचे दात बघावेत तसा. व्हरांड्यात बसलेल्या बायाबापड्याही बघायच्या, आणि त्यांत एखादी त्याच्याच वर्गातल्या पोराची आई असायची. तेव्हा त्याला मरून जावंसं वाटे.

आणि गावातले बडे जमीनदार माणिकराव? तोच आठवडा, तोच जुना डॉक्टर, तोच रोग. माणिकरावांना खुर्ची मिळाली, महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाल्या, "वहिनींच्या हातून घेत चला" असा प्रेमाचा सल्ला मिळाला आणि केसपेपरवर लिहिलं गेलं – पोटाचा विकार. नागनाथच्या केसपेपरवर लाल शाईने 'दारूचे व्यसन'. खाली रोज समक्ष गोळी देण्याचा हुकूम. "ह्या लोकांचा काय भरवसा," असं डॉक्टर बन्सीधरला म्हणाला होता. नागनाथ समोर उभा असताना. खरं तर त्याच दिवशी भांडायला हवं होतं... पण हात इतके थरथरत होते की ते लपवण्यातच सगळी अक्कल खर्च झाली.

अर्ज लिहायला मग सात महिने लागले. वस्तीतला लिंबाजी नामांतराच्या मोर्च्यासाठी परभणीला जायच्या गडबडीत होता; त्याने अर्ज वाचला आणि हसला. "गुर्जी, हितं इद्यापीठाचं नाव अडकलंय, अन् तुमी गोळीसाठी भांडायलाव?" नागनाथला त्याचं पटलं आणि रागही आला. अर्जातली एक ओळ त्याने चार वेळा खोडून पुन्हा लिहिली होती – मी व्यसनी आहे, पण मी खोटारडा नाही.

लोक म्हणतात, अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत घर गेलं तेव्हापासून मास्तरला लागली. वस्तीला हे कारण फार आवडतं. त्यालाही आवडतं. पण त्याआधीच्या पोळ्याला, घर धडधाकट उभं असताना, तो पिऊन बांधावर पडला होता हे त्याच्या बायकोला, सत्यशीलाला, माहीत आहे. तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. विहारात पौर्णिमेला तो सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेई तेव्हा पाचव्या शीलाला, दारूपासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, ती डोळे मिटून घेई. त्याच्यासाठी की त्याच्यापासून, हे त्याने विचारलं नाही.

शाळेच्या वळणावर जीप थांबली. माणिकराव खाली उतरले ते दार धरूनच. सकाळचे साडेदहा आणि तो वास... नागनाथच्या नाकाने त्याच्याआधी ओळखला. जिभेला पाणी सुटलं.

"गुर्जी, तुमी लय नशीबवान," माणिकराव म्हणाले. "आमची नर्मदा गोळी देती, अन् मान खाली घालून बसती. नवऱ्याला तोंड उघड म्हणायची तिची काय टाप हाय? मी गोळी गालात ठिवून न्हाणीत थुकतो. मला कुणीच जीभ उचल म्हणलं न्हाई, बघा."

आणि ते खरोखर रडायला लागले. नागनाथच्या मनात आलं, ह्यांच्या थोबाडीत द्यावी. माझी विटंबना ह्यांना नशीब वाटते! आठ महिने मी शुद्धीत आहे तो माझ्या हिमतीवर... की बन्सीधरच्या संशयावर? मिळालेल्या मानाने त्यांना बुडवलं, माझ्या अपमानाने मला तारलं, असा हिशेब असेल तर मी अर्ज कशाविरुद्ध केला? आणि तरीही अर्ज खराच होता. त्यातला एक शब्दही आज तो बदलणार नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील, ह्या गोंधळात त्याने दिवसभर पोरांना एकच गणित तीनदा घातलं.

दिवेलागणीला घरी आल्यावर त्याने पट्टी सत्यशीलापुढे धरली. तिचा चेहरा फुलला. "मिळालं ना शेवटी!" तिने तांब्या दिला, ग्लास दिला. त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्याला आणि तिच्यासमोर तोंड उघडून उभा राहिला.

तिने झटकन मान फिरवली. "मिटा ते. मी काय कंपाउंडर हाय का? एवढं भांडून मिळवलं, अन् आता मी तुमची जीभ तपासू? मला न्हाई जमायचं."

"एकदाच बघ."

"मला भरवसा हाय तुमचा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. एवढ्या प्रेमाने त्याला आजवर कुणी एकटं सोडलं नव्हतं.

दाराशेजारी दाढीचा आरसा होता. बाहेर अजून थोडा उजेड होता. आरशासमोर उभं राहून तो हळूच म्हणाला, "जीभ उचल, मास्तर." आवाज बन्सीधरचा निघाला. त्याने जीभ उचलली.

गोळी तिथंच होती. पांढरी, कडेने जराशी विरघळलेली. पाण्याचा अख्खा ग्लास संपला होता, घोट गिळल्याचं त्याला नीट आठवत होतं... मग ही तिथं ठेवली कुणी? मी तर नाही. मी खोटारडा नाही. आतून सत्यशीलाने जेवायला हाक मारली, आणि आरशातला तो माणूस जीभ वर धरून, कुणी तरी पुढचं सांगेल म्हणून, तसाच थांबला.