आठवी खुर्ची

"खुर्च्या सातच आहेत, टीचर," मोठ्या बाई म्हणाल्या आणि हसल्या. थायलंडच्या उत्तरादितमध्ये वाईट बातमी हसून सांगतात. चांगली बातमी सांगताना कोणी एवढे कष्ट घेत नाही.

फ्लोर्देलिझानं स्टेजकडे पाहिलं. सहा खुर्च्या थाई शिक्षिकांच्या, सातवी परदेशी शिक्षकाची. उद्या गुरुवार, गुरुवंदनेचा दिवस. केळीच्या पानाच्या द्रोणात दूर्वा, वांग्याची फुलं आणि लाल फुलांचे गुच्छ घेऊन मुलं गुडघ्यांवर रांगत येणार आणि खुर्चीतल्या गुरूपुढे ठेवणार. फ्लोर या बालवाडीत अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होती, आणि अकराही वर्षं या कार्यक्रमातली तिची जागा हॉलच्या मागच्या दाराशी होती. ज्याला शू लागेल त्याला नेऊन आणायचं. गेल्या वर्षी मोठ्या बाई आपणहून म्हणाल्या होत्या, "पुढच्या खेपेला तुम्ही वर."

"सातवी परदेशी शिक्षकाचीच ना?" तिनं विचारलं.

"हो तर. ओविदियु बसेल."

ओविदियु महिन्यापूर्वी आला होता. तो रोमानियाचा, पण केस सोनेरी आणि उंची सव्वासहा फूट असल्यामुळे शाळेच्या पत्रकात त्याला 'इंग्लंडकडचा' म्हटलं होतं. नकाशा दुरून पाहिला तर ते खोटंही नव्हतं.

"मीही परदेशीच आहे, बाई. फिलिपिन्सची."

"हो, पण दिसत नाही ना," मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या. "फोटो फेसबुकवर जातात. पालक बघतात. तुम्ही अगदी आमच्यातल्याच वाटता. हे मी कौतुकानं म्हणतेय हं."

"काही हरकत नाही," फ्लोर म्हणाली आणि तीही हसली. नकार द्यायची ही इथली रीत तिनं मोठ्या बाईंकडूनच उचलली होती.

वर्गात मदतनीस नोंगयावताई डब्यातला चिकट भात आणि डुरियन फळाचा गर खात बसल्या होत्या. फ्लोरनं मुलांच्या खुर्च्यांमधली एक लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, उलटी केली आणि बुडाला चिकटलेलं च्युइंगगम चमच्यानं खरवडायला घेतलं.

"काय चाललंय?"

"उद्या मी वर बसणार."

"यावर?" नोंगयावताईंनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग फ्लोरकडे, खास करून कमरेखाली. "मोडली तर?"

"मोडली तर खाली बसेन. पण वरच."

"मोठ्या बाईंना विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील. मग त्यांना वाईट वाटेल. कशाला उगीच?"

नोंगयावताईंनी एक घास विचारपूर्वक चावला. "मग ओल्या फडक्यानं पूस. चमच्यानं ओरखडे उठतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओविदियु तिला हॉलच्या पायऱ्यांवर भेटला. त्याचा टाय त्याच्याआधी घामेजला होता.

"मिस फ्लोर, मुलं जवळ आली की मी करायचं काय?"

"द्रोण घ्यायचा आणि आशीर्वाद द्यायचा."

"काय म्हणू?"

"रोमानियनमध्ये म्हण काहीही. त्यांना इंग्रजीच वाटेल."

तो हसला नाही. तिच्या हातातली खुर्ची त्यानं पाहिली होती. "त्यापेक्षा तुम्हीच बसा ना माझ्या जागी. मी म्हणतो पोट बिघडलं."

"तुझी जागा मला नको रे. मला माझी हवी."

बाकीच्या शिक्षिका बसल्यावर फ्लोर स्टेजच्या पायऱ्या चढली. ओविदियुच्या पलीकडे लाल खुर्ची ठेवली, स्कर्ट सावरला आणि बसली. खुर्ची करकरली, पण मोडली नाही. फ्लोरचे गुडघे छातीशी आले आणि डोकं ओविदियुच्या कोपराला लागलं. मोठ्या बाई माइकपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं. समोर दीडशे पालकांचे फोन वर झाले होते, तेव्हा त्या हसल्या. दात एकही कमी दिसला नाही.

मग मुलं आली. गुरूपुढे आपलं डोकं गुरूच्या डोक्यापेक्षा खाली असलं पाहिजे, एवढं तर इथं बोलायच्या आधी कळतं. सहा शिक्षिकांपुढे मुलं गुडघ्यांवर आली, ओविदियुपुढे तर काही उभी राहिली असती तरी चाललं असतं. फ्लोरच्या वर्गातला गोल्फ नावाचा मुलगा मात्र तिच्यापुढे येऊन थांबला. त्यानं खुर्ची पाहिली, टीचरचं डोकं पाहिलं, स्वतः थोडा वाकला. जमेना. आणखी वाकला. शेवटी त्यानं द्रोण पुढे सरकवला आणि सरळ पोटावर आडवा झाला. मागची नामवान आडवी झाली. तिच्यामागचा बेंझ आडवा झाला. बघता बघता सगळा वर्ग पालथा पडून, दोन्ही हातांनी द्रोण ढकलत, सरपटत पुढे येऊ लागला.

हॉल हसून लोटपोट झाला. मागे कोणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं. नोंगयावताईंनी तोंडावर पदरासारखा रुमाल धरला.

फ्लोर हसली नाही. ती पाठ ताठ ठेवून बसली. प्रत्येक द्रोणासाठी गुडघ्यांवरून वाकली, तो हातात घेतला आणि प्रत्येकाला नावानं हाक मारून म्हणाली, "मोठा हो." "मोठी हो." रांग संपेपर्यंत एकही नाव चुकलं नाही. शेवटचा द्रोण मांडीवर मावेना, तो ओविदियुनं न सांगता आपल्या मांडीवर घेतला.

"फारच गोड झालं हं, टीचर," नंतर मोठ्या बाई म्हणाल्या. "पालक खूश आहेत. पुढच्या वर्षी हीच छोटी खुर्ची आणा. मुद्दाम."

"पुढच्या वर्षी मोठी आणेन," फ्लोर म्हणाली.

"सातच आहेत हो."

"घरून आणेन."

दोघीही हसल्या.

दुपारी मुलं चटयांवर झोपली तेव्हा फोटो शाळेच्या पानावर आला होता. मधोमध ओविदियु, टोकाला तिचा अर्धा चेहरा आणि गुडघे. खाली कोणी तरी लिहिलं होतं, 'कडेला खेळण्यातल्या खुर्चीवर बसलेली आई कोणाची?' उत्तरादाखल चौघांनी हसरे चेहरे टाकले होते.

फ्लोरला थाई लिहिणं मुलांबरोबरच आलं होतं, भिंतीवरच्या अक्षरमालेवरून. एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, तिनं टाइप केलं: 'आई नाही. टीचर.' पुन्हा वाचलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि पाठवलं.

मुलं उठायला लागली. तोंडं धुऊन रांगेत बसली. रोजच्यासारखा तिनं पावडरचा डबा उघडला आणि एकेका गालाला फासत निघाली. गोल्फची पाळी आली तेव्हा त्यानं डब्यात बोटं बुडवली आणि हात तिच्या गालाकडे नेला.

"टीचर पण पांढरी," तो म्हणाला.

तिनं त्याचं मनगट अलगद धरलं. "टीचरला नको," ती म्हणाली, आणि त्याच्याच नाकावर आणखी थोडी लावली.