सिंकच्या कडेवरचे कप

श्वसनविभागातल्या मावशींची मुलगी त्याच रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागली, त्या दिवशी मावशींनी अख्ख्या विभागाला चहा पाजला. सव्वीस वर्षं त्यांनी तिथल्या फरशा पुसल्या होत्या, रुग्णांना कुशीवर वळवलं होतं, पण इतक्या तोऱ्यात चालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

सहा महिन्यांनी त्याच मुलीच्या हातात लॅबमधली जंतू वाढवायची बशी होती.

महिन्याभरात व्हेंटिलेटरवरच्या चार रुग्णांच्या छातीत एकच जंतू सापडला होता. एक रुग्ण गेला, दोघे सावरले, तीन नंबरच्या खाटेवरची बाई अजून झुंजत होती. बशीत जंतूंची साय धरली होती आणि तिच्यावर औषधांच्या आठ चकत्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. इथे सात चकत्यांना जंतू सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ऐसपैस टेकले होते. आठवीभोवती तेवढं रिंगण होतं, आणि ते औषध मूत्रपिंडांवर उठणारं.

जंतू येतो कुठून, म्हणून तिने विभागातल्या एकवीस जागांचे नमुने घेतले. त्यातले दोन दोषी निघाले. एक सिंकचं भोक. दुसरे त्याच सिंकच्या कडेवर पालथे घातलेले नेब्युलायझरचे कप. यांच्यातूनच औषधाचं धुकं रुग्णाच्या छातीत जातं. नळ सोडला की भोकातले शिंतोडे थेट कपांवर उडत होते.

कप तिथे कोण ठेवतं, हे तिला शोधावं लागलं नाही. ‘माझे कप बघ, आरशासारखे!’ हे ती आईकडून लहानपणापासून ऐकत आली होती.

संध्याकाळी घरी तिने सगळं सांगितलं. मावशींनी निवडलेली भाजी बाजूला सारली.

“म्हणजे तो माणूस माझ्यामुळे गेला?”

“तसं कुणालाच म्हणता येणार नाही, आई. आजार मोठा होता त्यांचा. आणि हे बघ, अहवालात मी फक्त सिंकचं लिहिलंय. सिंक बदलतील, विषय संपेल.”

“आणि मी कप पुढच्या सिंकवर वाळत घालीन. मग?”

मुलगी आईपुढची भाजी पुन्हा निवडू लागली.

“एवढी शिकलीस, आणि एवढं कळू नये?” मावशी उठल्या. “लाज झाकायला जागा कमी आहे का जगात? अहवालाचा कागद तेवढा सोड. कप लिही.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या बैठकीत तिने अहवाल वाचला. कपांची ओळही पूर्ण वाचली.

“हे कप तिथे ठेवतं कोण?” विभागप्रमुख डॉक्टरांनी विचारलं.

“मी,” दाराशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या. “सव्वीस वर्षं. नळाच्या पाण्याने धुते आणि तिथेच पालथे घालते. चुकलंय, ते कळलं. आता बरोबर कसं, ते सांगा.”

मुख्य सिस्टर हळूच म्हणाल्या, “आम्ही तरी त्यांना कधी शिकवलं? लख्ख दिसतात म्हणून कौतुकच करत आलो.”

“निर्जंतुक पाण्याने धुवायचे,” मुलगी म्हणाली, “आणि सिंकपासून लांब, बंद कपाटात, पूर्ण कोरडे करून ठेवायचे.”

“कळलं,” मावशी म्हणाल्या. “दुपारच्या पाळीतल्या बायकांना मीच दाखवते. त्या माझंच बघून शिकल्यात सगळं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “नमुने कुणी घेतले?”

“माझ्या मुलीने!” मावशींनी मुलीला तोंडच उघडू दिलं नाही. “आईलासुद्धा सोडलं नाही हो तिने. आणि डॉक्टर, त्याच सिंकवर तुम्ही हात धुता, तेही बाही खाली सोडून. तुमचाही नमुना घ्यायला सांगू का?”

हशा पिकला. डॉक्टर मुकाट्याने बाह्या दुमडू लागले. मुलीने कपांच्या ओळीसकट अहवालाखाली सही केली.