मनातला ण

शिरवण्यात माझ्या तोंडी लागायला कुणी येत नाही. भाडेकरू, भाजीवाला, नवरा, सगळे जपून असतात. तीच मी, पंचेचाळीस वर्षांची सुचिता, एक फोन करायला घाबरत होते. चांगले आठ दिवस.

आई गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. झोप नाही, नुसती चिडचिड. मागल्या महिन्यात अबोलीच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं, तर मी ताट भिंतीवर फेकलं. ताटाचं काही नाही. पण माझ्या सोळा वर्षांच्या पोरीने दोन्ही हात डोक्यावर धरले. आजवर तिला एक चापट मारली नाही मी, तरी तिला वाटलं, आता आपल्याला पडणार. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

तिनेच मोबाइलवर शोधून कामोठ्याच्या समुपदेशक मॅडमचा नंबर काढला. माझ्या हातात नाही दिला, फ्रिजवर चिकटवला.

जायची लाज नव्हती मला. भीती होती ती भाषेची. आम्ही आगरी. घरात ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’. शाळेत धडा वाचताना ‘पानी’ म्हटलं तर बाईंनी उभं करून पाच वेळा म्हणायला लावलं, अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून शिकलेल्या माणसासमोर मी ण अगदी दाबून म्हणते. मॅडमसाठी आठ दिवस कपड्यांच्या घड्या घालत शुद्ध वाक्यं पाठ केली.

बुधवारी दुपारी लावला एकदाचा फोन. शुभदा मॅडमनी स्वतःच उचलला. मी सुरू केलं, “नमस्कार, मी सुचिता. माझं मण फार जड झालेलं आहे.”

दारातून अबोली फिस्सकन हसली. “मम्मी, मन गं. तू वजनातला मण बोललीस.”

झालं. फोन कानावरून खाली आला आणि मी सुटले. “हसतेस काय गो? मना झोप येत नाय, रातभर आय दिसते. तुज्यावर वरडते न मंग मीच रडत बसते. मना माजीच भीती वाटते, कलतं का तुना?”

हातातल्या फोनमधून आवाज आला, “सुचिताताई?”

फोन चालूच होता. कुठे तोंड लपवू असं झालं मला. “सॉरी मॅडम, ते घरातलं बोलणं होतं.”

“मला सगळं समजलं,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी अकरा वाजता या. आणि आत्ता बोललात ना, तसंच बोला. वेगळी तयारी नको.”

फोन ठेवला आणि मला हसूच आवरेना. हसता हसता रडले. आठ दिवसांची घोकंपट्टी फुकट गेली आणि जे सांगायचं होतं ते सांगूनही झालं. खरं सांगते, आई गेल्यापासून इतकं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

अबोली अजून दारातच होती. आत्ता नाही तर मी कधीच विचारणार नाही, हे मला कळत होतं.

“मना घाबरतेस का गो तू?”

“हो,” ती म्हणाली. “खूप.”

काळजात कळ आली, पण राग नाही आला. मी नुसती मान हलवली.

“शुक्रवारी मी येऊ बरोबर?” तिने विचारलं.