डांबराच्या डोळ्यांची बाई

मी एक जुनी दगडी बाई आहे. उंची जेमतेम हातभर, दोन्ही हात छातीशी जुळवलेले. मित्रांनो, माझा जन्म सुमेरमधल्या, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, गिरसू नगरात झाला. ज्याला कामातून देवीपुढे उभे राहायला सवड नसे, तो तिथे आपल्या जागी प्रार्थनेसाठी मूर्ती उभी करी. मला निनदल्ला नावाच्या विणकरणीने घडवून घेतले. तिचा नवरा लुनांशे मूळचा नावाडी. पण हातात भाला देऊन त्याला सीमेवर धाडले होते.

"हिला झोप लागता कामा नये," तिने मूर्तिकाराला बजावले.

"मग डोळे मोठे करतो, बाई. बुबुळं लाजवर्दाची बसवू," म्हातारा म्हणाला.

ते निळे खडे निनदल्लाच्या आईच्या हारातले होते. सासू कडाडली, "घरात जवाची पेज पातळ, आणि दगडाला दागिने!" पण सांजेला तीच हळूच विचारी, "देवी ऐकते का गं त्या मूर्तीचं?"

मी बाऊदेवीच्या गाभाऱ्यात उभी राहिले. माझे डोळे दाखवायला बायका लेकरांना उचलून घेत. पुजारीण रोज माझ्यावरची धूळ झटकी.

पुढे सीमेवर आमची फौज हरली. लुनांशे शत्रूच्या हाती सापडला. पकडणारा सरदार लाजवर्दाच्या बदल्यात माणूस सोडतो, असा निरोप आला. निनदल्ला तडक देवळात आली. तिच्या हातात मागावरची काशाची सळई होती.

"देवीला दिलेलं परत घेतेस?" पुजारीण म्हणाली.

"हिला त्याच्यासाठीच उभी केली होती ना मी? मग आता हिनंच त्याला घरी आणावं."

पुजारिणीने रिकामा दिवा उचलला. मग म्हणाली, "मी तेल आणायला जाते. मला काही दिसलेलं नाही."

निनदल्लाने सळई माझ्या डोळ्याला लावली. "रागावू नकोस गं बये," ती पुटपुटली, आणि तिने माझी बुबुळे उपटून काढली.

लुनांशे परतला तो लंगडत, हाडांचा सापळा होऊन. होडीची भोके बुजवायचे डांबर घेऊन तो देवळात आला आणि त्याने माझ्या खाचा स्वतः भरल्या.

"होडी असतीस तर आता बुडाली नसतीस," तो हसून म्हणाला. बायको मात्र रडत होती.

त्यानंतर मला पाहायला कोणी लेकरू उचलले नाही. मला रांजणांमागे सरकवले. नवे देऊळ बांधताना इतर जुन्या मूर्तींबरोबर जमिनीखाली पुरले. तिथे हजारो वर्षे गेली.

आता मी बगदादच्या एका संग्रहालयात आहे. परवा रिहाब नावाची मुलगी ओला कापूस घेऊन मला साफ करत होती.

"उस्ताद, हे काळं काढून निळे खडे बसवू या का? किती छान दिसेल!"

तिचे वरिष्ठ नाजी भिंग घेऊन वाकले. "थांब. इथं अंगठा उमटलाय."

"कोणाचा?"

"कोण जाणे. ज्यानं हे भरलं त्याचा."

मला ठाऊक होते, पण त्यांना सांगता येत नव्हते. रिहाबने कापूस खाली ठेवला. बराच वेळ ती नुसती पाहत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर स्वच्छ करा. पण पुसण्याआधी एकदा वाकून नीट पाहा. कोणीतरी आपल्या माणसासाठी केलेले काम कधी कधी डागासारखेही दिसते.