निरोप्या वरच राहिला

विलिमाइना आणि तिचा थोरला भाऊ आपेनिसा एकमेकांशी शेवटचं बोलले त्याला एकवीस वर्षं झाली. भांडण वगैरे काही नव्हतं हो! ती बारा वर्षांची झाली आणि बेटाच्या रीतीप्रमाणे बहीणभावाचं बोलणं बंद झालं, एवढंच. मोठ्या झालेल्या बहीणभावांनी थेट बोलायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. मान राखायचा तो असा. आतेमामे भावंडांचं, म्हणजे एकमेकांना 'तवाले' म्हणणाऱ्यांचं, नेमकं उलट. तिथे टिंगल केली नाही तर लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना? त्यामुळे या दोघांच्या मध्ये मामेभाऊ पेनियासी निरोप्या म्हणून उभा असे, आणि प्रत्येक निरोपाला पदरचं तिखटमीठ लावल्याशिवाय त्याला करमत नसे.

"तिला सांग, हवेच्या टाकीचा पट्टा घट्ट कर," आपेनिसा समुद्राकडे तोंड करून म्हणाला. नाव बारकी होती, बहीण हातभर अंतरावर बसली होती.

"विली, पट्टा आवळ म्हणतोय. आणि पोटही. सकाळी कसाव्याचे कंद जरा जास्तच हाणलेस."

"त्याला सांग, पट्टा घट्ट आहे. आणि मेल्या, तू तुझी जीभ आवळ!"

"तवाले, ती म्हणते, पास केलं नाहीस तर याच पट्ट्याने तुला नांगराला बांधीन."

आपेनिसाच्या मिशा किंचित हलल्या. पण मान वळली नाही.

आज विलिमाइनाची परीक्षा होती. नऊ वर्षं तिने डायव्हिंगच्या केंद्रात टाक्या भरल्या होत्या, परदेशी पाहुण्यांचे रबरी पोशाख धुतले होते, आणि त्यांना शार्क दाखवायला खाली मात्र दुसरेच जात होते. आज पास झाली तर बेटावरची पहिली बाई वाटाडी. नापास झाली तर सोमवारी राजधानी सुवाहून दुसराच कुणी वाटाड्या येणार आणि ही परत टाक्यांपाशी. बेटावर परीक्षक एकच, आपेनिसा. तो पाहुणा बनून खाली उतरणार, ती वाटाडी. सोबत खराखुरा पाहुणा म्हणून ग्रॅहम नावाचे एक गलेलठ्ठ ऑस्ट्रेलियन मास्तर होते. पेनियासी नाव सांभाळत वरच थांबणार होता.

म्हणजे खाली निरोप्या नाही! हे तिघांपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अठरा मीटरवर पाणी असं निवळशंख होतं की विलिमाइनाला उगाचच गिरकी घ्यावीशी वाटली. परीक्षा आहे म्हणून तिने अर्धीच घेतली. वाळूवर पंखांची टोकं पांढरी असलेले तीन शार्क दुपारच्या झोपेतल्या म्हाताऱ्यांसारखे पसरले होते. प्रवाळाच्या कड्यापलीकडून करडे शार्क आले: चार, नऊ, मग मोजणंच सुटलं. तिने हाताचा पंजा कपाळावर उभा धरून शार्कची खूण केली. मास्तरांचे डोळे पाणचष्म्यात मावेनात. बेटावरचे लोक स्वतःला शार्कचे भाऊबंद म्हणवतात. विलिमाइनाला आज ते पटलं. सगळं गोत भेटायला आलं होतं, आणि तिला आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

मग तिने नियमाप्रमाणे विचारलं, हवा किती? मास्तरांनी बोटांनी सांगितलं. आता आपेनिसा. तिने खूण केली. त्याने सवयीने तोंड फिरवलं आणि उत्तर दिलं ते मास्तरांना!

मास्तर गोंधळले. त्यांना वाटलं आपल्यालाच पुन्हा विचारताहेत. त्यांनी आपली हवा परत सांगितली. आपेनिसाने बोटाने त्यांना बहिणीकडे ढकललं, की तिला सांगा. मास्तर तिच्याकडे वळून तिसऱ्यांदा आपलीच हवा सांगू लागले. एक शार्क तिघांच्या मधून आरामात निघून गेला; त्याने मात्र कुणाचा निरोप नेला नाही.

विलिमाइनाला हसू फुटलं. पाण्याखाली हसलं की चष्म्यात पाणी शिरतं. ते काढता काढता तिला परीक्षेचा नियम आठवला. नियम साधा होता: खालचा माणूस वाटाड्याला थेट उत्तर देत नसेल तर वाटाड्याने ते मिळवायचं. नाही मिळवलं, तर नापास. आणि मिळवायला गेलं, तर एकवीस वर्षांची रीत मोडते.

ती पोहत सरळ भावाच्या समोर गेली. त्याने मान डावीकडे नेली, ती डावीकडे गेली. उजवीकडे नेली, ती उजवीकडे. शेवटी तिने त्याचे दोन्ही खांदे धरले, नजरेत नजर घातली आणि विचारलं, हवा किती?

आपेनिसा बघतच राहिला. चष्म्याआड त्याचे डोळे आईसारखे होते. हे ती विसरूनच गेली होती! मग हळूच त्याने बोटं उचलली आणि तिला, तिलाच, सांगितलं: साठ.

साठ? भरलेल्या टाकीचा आकडा दोनशे असतो. हजारो वेळा उतरलेला हा माणूस, मास्तरांआधी याची हवा संपत आली? म्हणजे परीक्षा हिची आणि छाती धडधडत होती त्याची! तिने ताबडतोब अंगठा वर केला: सगळे वर चला. परीक्षक निमूटपणे निघाला. वाटेत त्याच्या नळीतून बुडबुड्यांचे लोटच्या लोट सुटले, खांदे गदगदले, आणि तिला कळलं की तो हसतोय. मग तिलाही आवरेना. मास्तर बिचारे दोघांकडे आळीपाळीने बघत, आपलं काय चुकलं याचा विचार करत वर आले.

नावेत चढल्यावर आपेनिसा पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसला. विलिमाइनाचं हसू मावळलं. गार वाऱ्यात ती नखं कुरतडत बसली.

"बोल तवाले," पेनियासी हात चोळत म्हणाला. "पास की नापास? लवकर सांग, मला मसाला लावायलाही वेळ लागतो."

आपेनिसाने टॉवेलने तोंड पुसलं. मग तो वळला, पुरता वळला, आणि त्याने बहिणीकडे सरळ बघितलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं: ठीक. तिच्याकडे बोट दाखवलं. आणि हाताचा पंजा आपल्या कपाळावर उभा धरला: शार्क.

पेनियासीचा आ वासलेलाच राहिला. "अरे, पण हे मी पोचवू कसं?"

"पोचलं," विलिमाइना म्हणाली.