एकओळीची मतपत्रिका

नव्या संगणकभाषेचा कारभार तिघांच्या हाती होता. त्यातलं डोकं आपलं एकटीचंच, असं पुस्तिका लिहिणारीचं मत होतं, आणि उरलेल्या दोघांकडे बघता ते खोडून काढणं कठीण होतं. प्रमुखाला सगळे पाठीमागे ‘एकओळी’ म्हणत. चार ओळींचं काम एका ओळीत कोंबल्याशिवाय या गृहस्थाला अन्न गोड लागत नसे. दुसरा होयबा. त्याची मान फक्त वर-खाली हलायची.

अट कशी लिहायची हे आज कायमचं ठरणार होतं. पुस्तिकावालीला साधे शब्द हवे होते: जर, तर, नाहीतर. एकओळीला चिन्हं हवी होती. चिन्हं आली की शिकाऊ मंडळींची रडारड तिच्याच गळ्यात पडणार.

“सर, माणसाला वाचता यायला हवं हो.”

“ज्याला वाचता येत नाही त्याने दुसरा धंदा बघावा, मॅडम.”

“बघावाच,” होयबा म्हणाला.

दोघांविरुद्ध एक. तिने शब्दांवर पाणी सोडलं.

पण एकओळीला नुसतं जिंकून भागेना. मतपत्रिकासुद्धा त्याने आपल्या चिन्हांत छापून आणली होती:

!शब्द_नकोत ? गोल : फुली

“उद्गारचिन्ह म्हणजे ‘नाही’. अट खरी असेल तर पहिली खूण, नसेल तर दुसरी. शेंबडं पोरही वाचेल.”

तिने कागद उलटून मागे लिहून काढलं: शब्द नकोत असं नसेल तर गोल, नाहीतर फुली. म्हणजे शब्द हवे असतील तर गोल. तिने गोल काढला.

एकओळीला ‘शब्द नकोत’ दिसलं, शेजारी ‘गोल’ दिसला. त्याने ताटाएवढा गोल काढला. होयबाने त्याच्या कागदात डोकावून तस्साच काढला, जरा लहान, मान राखून.

“तीन गोल! एकमताने चिन्हं!” एकओळी टेबल बडवत म्हणाला. “मॅडम, तुम्हीसुद्धा?”

तिने मतपत्रिका सावकाश, शब्दांत वाचून दाखवली. एकओळीचे ओठ हलले. मग बोटं हलली. मग काहीच हलेना.

“वाचताना चूक झाली का, सर? पुन्हा मतदान घेऊ. इतिवृत्तात कारण लिहावं लागेल एवढंच.”

“चूक? माझी?” एकओळी ताठ झाला. “मी विचारपूर्वक गोल काढलाय. शब्दच हवेत. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.”

“पहिल्यापासून,” होयबा म्हणाला.

तिने इतिवृत्त पुढे सरकवलं. एकओळीने न वाचताच सही ठोकली.