अडतीस ग्रॅम

"ही माझी किटली नाहीच," मावशी म्हणाली. "अडतीस ग्रॅम कमी भरतेय."

मावशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली रंगीत झिलईची मातीची भांडी जमवते आणि प्रत्येकाचं वजन वहीत लिहून ठेवते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी ही किटली त्यात सगळ्यांत लाडकी. कान तुटला म्हणून ती फुटकी भांडी जोडणाऱ्या काकांकडे, आमच्या डिंककाकांकडे, दिली होती. महिन्याने परत आली.

"काकांनी बदलली, असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठे म्हणतेय? काटा म्हणतोय."

मी विज्ञानाची पदवीधर, त्यामुळे काट्यावर माझाही विश्वास. डिंकामुळे वजन उलट थोडं वाढायला हवं होतं. आम्ही काकांच्या दुकानी गेलो.

"ताई, तीस वर्षं तुमची भांडी जोडतोय मी."

"म्हणून तर विचारते. हुबेहूब नक्कल कोण करू शकेल, तुमच्याशिवाय?"

काकांनी चष्मा काढला. मावशीच्या दोन अर्धवट जोडलेल्या थाळ्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "दुसरा माणूस बघा."

"बघितलंस, कसा चिडला!" वाटेत मावशी म्हणाली. मलाही ते संशयास्पदच वाटलं.

घरी मी एक थाळी काट्यावर ठेवली आणि आकडा लिहिला. मावशी ओरडली, "अगं, आधी धुवायची! धुळीचं वजन कशाला?" तिने थाळी, जोडलेला भाग पाण्याबाहेर राहील अशी, तासभर टबात ठेवली, खसाखसा पुसली, मग तोलली. आकडा एकवीसने वाढला.

मी थाळी उलटी केली. तळाला झिलई नव्हती, उघडी भाजकी माती होती. वरच्या झिलईलाही केसासारख्या चिरा. पुसून कोरडी दिसणारी थाळी आतून पाणी पिऊन बसली होती. वहीतलं किटलीचं वजन असंच धुतल्यावरचं होतं; काकांच्या कोरड्या दुकानात महिनाभर सुकलेली किटली मात्र मावशीने आल्या आल्या, न धुताच तोलली, एवढंच झालं होतं.

किटलीही टबात ठेवली, कान पाण्याबाहेर ठेवून. छत्तीस ग्रॅम वाढले.

"दोन कमीच आहेत अजून," मावशी म्हणाली.

"मावशी!"

तिने पुन्हा चपला घातल्या आणि थाळ्या उचलल्या.

काका भिंगाखाली कुणाची तरी फुलदाणी रंगवत होते. आम्हाला बघून त्यांनी दिवा जवळ ओढला आणि मान खाली घातली.

"चूक माझी झाली," मावशी दारातूनच म्हणाली. "आत येऊ का?"

एरवी कधी न विचारता शिरणारी मावशी थाळ्या छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. काकांनी ब्रश पाण्यात बुडवला, काठावर निथळला आणि पुढची पाकळी रंगवायला घेतली.